चुनखडी, ग्रॅनाइट आणि तांब्याचा प्रश्न : बेळगाव ते लोकापूर

बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांचा भूशास्त्रीय नकाशा पसरला, की तांब्याच्या शोधाची सवय असलेली नजर सौंदत्ती, रामदुर्ग आणि लोकापूरच्या पट्ट्यावर थबकते. तिथे कलादगी समूह या प्राचीन थरांच्या गटातील चुनखडी आणि तिचाच मॅग्नेशियमयुक्त भाऊबंद डोलोमाइट आहेत, आणि जवळच ग्रॅनाइट व नाइस हा पट्टेदार रूपांतरित खडकही आहेत. बेळगावातील माझे स्नेही, एक निवृत्त मुख्याध्यापक, यांनी नेमके याच पट्ट्यावर बोट ठेवून विचारले, "साहेब, चुनखडीला ग्रॅनाइट खेटून आहे, मग इथं तांब्याचं स्कार्न का नसावं?" प्रश्न शास्त्रशुद्ध होता. नकाशावर वाद घालण्यापेक्षा गाडी काढलेली बरी, असे मी गुरुजींना म्हटले.

सांबरा मागे पडेपर्यंत त्यांना स्कार्न समजावून सांगत होतो. चुनखडीत शिलारस घुसला की आधी उष्णतेने तिचा संगमरवर होतो. पुढे थिजत चाललेल्या शिलारसातून सिलिका, लोह आणि धातू घेऊन सुटलेले उष्ण द्रव त्या खडकात मुरतात, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि चुनखडीच्या जागी गार्नेट व पायरॉक्सिन ही खनिजे तयार होतात. असा बदललेला खडक म्हणजे स्कार्न. तांबे मात्र बहुधा नंतर येते. तापमान उतरू लागले की गार्नेट मोडून एपिडोट, अ‍ॅक्टिनोलाइट, क्लोराइट बनतात आणि त्याच सुमारास चाल्कोपायराइट व बोर्नाइट ही तांब्याची खनिजे भेगांतून साचतात. पेरूमधील अंतामिना ही तांबे-जस्ताची प्रचंड खाण अशाच खडकात आहे. न्यू गिनीच्या पर्वतांत १९३६ साली झाँ जाक डोझी या डच भूशास्त्रज्ञाला दिसलेला एर्ट्सबर्गचा काळा सुळकाही स्कार्नचाच होता.

नेसरगीच्या अलीकडे काळ्या मातीत उघड्या पडलेल्या बेसाल्टपाशी गुरुजींनी गाडी थांबवायला लावली. खडकातील पोकळ्यांना आतून गडद हिरवा लेप होता. "हे तांबं न्हवे?" असे त्यांनी मोठ्या आशेने विचारले. दख्खनच्या बेसाल्टात हा हिरवेपणा बहुधा सेलाडोनाइट या मातकट खनिजाचा असतो, पण सांगून पटवण्यापेक्षा करून दाखवलेले चांगले. मॅलाकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले तर बुडबुडे येतात, आणि त्या द्रावणात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवला तर त्यावर तांब्याची तांबूस पुटी चढते. आमच्या नमुन्यावर बुडबुडे आले नाहीत आणि खिळाही होता तसाच राहिला.

यरगट्टीच्या पुढे खडक बदलतो आणि क्वार्टझाइटच्या, म्हणजे वाळूपासून बनलेल्या कठीण खडकाच्या, लांबच लांब टेकड्या रस्त्याला साथ देऊ लागतात. रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूरचनेवरील आपला वृत्तांत १८७६ मध्ये प्रसिद्ध केला, तो याच मुलखातील पायपिटीतून. बैलगाडीच्या त्या काळात त्यांनी केलेले काम पाहिले, की आपल्या उपग्रहचित्रांचा तोरा जरा उतरतो.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर कलादगीच्या या थरांच्या तळाशी आहे. तळाशी गोटेदार खडक, म्हणजे काँग्लोमरेट, असतो, आणि त्यात खालच्या जुन्या खडकांतून झिजून आलेल्या गारगोट्या व कण रुतलेले असतात. ग्रॅनाइट आधी थिजला, वर उघडा पडला, झिजला, आणि त्यानंतर फार मोठ्या काळाने त्याच्यावर समुद्र येऊन वाळू व चुना साचला. म्हणजे इथला ग्रॅनाइट चुनखडीत घुसलेला नाही. चुनखडी त्याच्यावर येऊन बसली आहे. स्कार्नसाठी शेजार पुरत नाही, क्रम लागतो, आणि इथे तो नेमका उलटा आहे.

लोकापूर परिसरात चुनखडी पाहताना याचा दुसरा पुरावा मिळतो. तिचे पातळ थर शाबूत आहेत, आणि कलादगीच्या डोलोमाइटात स्ट्रोमॅटोलाइटची, म्हणजे प्राचीन सूक्ष्मजीवांनी रचलेल्या पापुद्र्यांची, नाजूक नक्षी टिकून आहे. मोठ्या शिलारसाची धग लागली असती तर हे बारकावे स्फटिकांत विरघळून गेले असते. या थरांत डोलेराइटच्या भित्ती, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या पट्ट्या, घुसलेल्या आहेत हे खरे, परंतु अशी अरुंद भित्त कडेचा थोडासा खडक भाजून काढते. धातू वाहून आणणाऱ्या द्रवाचा मोठा साठा तिच्यापाशी नसतो.

"मग यंत्रं लावून बघायचं न्हाई?" गुरुजींचा हट्ट संपला नव्हता. जिथे स्कार्नची खरी शक्यता असते तिथे ओढ्यातील गाळ आणि माती तपासतात, मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजामुळे उमटणारी चुंबकीय विसंगती मोजतात, धातूंच्या सल्फाइड खनिजांसाठी विद्युत सर्वेक्षण करतात आणि मगच हिऱ्याच्या बिटने छिद्र पाडून खडकाचा लांब नमुना, म्हणजे गाभा, काढतात. त्या गाभ्यातले गार्नेट कुठे तांबूस तपकिरी आहे आणि कुठे फिकट हिरवट होत जाते, यावरून शिलारस कोणत्या बाजूला असावा याचा अंदाज बांधता येतो. बेळगावकडे निव्वळ चुंबकमापकावर विसंबणे मात्र धोक्याचे, कारण तिथला बेसाल्ट स्वतःच चांगला चुंबकीय आहे आणि त्याचाच गोंगाट नकाशाभर दिसेल.

कर्नाटकात तांबे नाही असा याचा अर्थ नाही, हेही मी गुरुजींना सांगितले. चित्रदुर्गाजवळच्या इंगळदाळला तांब्याची खाण चालली होती, पण ते धातुक धारवाड नावाच्या अतिप्राचीन खडकांच्या पट्ट्यातील ज्वालामुखी खडकांत आहे, चुनखडीत नव्हे. ते ऐकून गुरुजींनी लगेच चित्रदुर्गाचे अंतर विचारले.