रीकंप्यूट झाल्यावर पुन्हा अठराच

पीएन १६ (दाबाचा वर्ग) च्या ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपचं तोंड बंद करणाऱ्या चकत्या, डीएन (पाइपचं नाममात्र माप) ५० ते १५०. फ्रीकॅड या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल एकच. पायथनची स्क्रिप्ट सीएसव्हीतली (मापांच्या तक्त्याच्या साध्या फाइलीतली) एकेक ओळ वाचते, मापं बदलते आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणारी स्टेप फाइल काढते. असा तयार फोल्डर ग्राहकाकडून आमच्याकडे आला. व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) प्रोग्रॅम करणाऱ्याने दोन-चार फाइली उघडल्या आणि विचारलं, "साहेब, सगळ्यांची जाडी अठराच कशी?"

बाहेरचा व्यास बरोबर होता: १६५, २००, २२०, २८५. पीसीडी (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) बरोबर, भोकंही बरोबर. जाडी मात्र सगळीकडे १८ मिमी. डीएन ५० आणि ६५ ला १८ च लागते, त्यामुळे पहिल्या दोन फाइली तपासून कोणी पुढे गेला तर काहीच सापडणार नाही. डीएन १०० ला २० हवी, १५० ला २२. वजनात बोलायचं तर डीएन १०० चा नग सुमारे ५.६ किलो भरायला हवा, तो ५.१ भरला असता.

स्क्रिप्टचा लॉग पाहिला तर तिथे जाडी २० छापलेली! गोंधळ इथेच होता. स्क्रिप्ट पॅडच्या (सपाट रेखाटनाला जाडी देणाऱ्या फीचरच्या) लेंग्थ प्रॉपर्टीत २० टाकते, लगेच तीच प्रॉपर्टी वाचून छापते आणि मग रीकंप्यूट करते, म्हणजे मॉडेल नव्याने मोजून घेते. पण मॉडेल बनवणाऱ्याने ही लेंग्थ स्प्रेडशीटमधल्या एका एलियासला (सेलला दिलेल्या नावाला) एक्स्प्रेशनने, म्हणजे सूत्राने, बांधून ठेवली होती आणि त्या सेलमध्ये १८ होतं. रीकंप्यूटच्या वेळी एक्स्प्रेशन पुन्हा मोजलं जातं आणि हाताने घातलेली किंमत पुसली जाते. ना एरर, ना वॉर्निंग. पॅड एडिट करायला उघडलं की लांबीच्या चौकटीत एफएक्सचं निळं चिन्ह दिसतं, पण स्क्रिप्ट चालवणारा तिकडे कशाला बघेल?

अशा वेळी एकेक फीचर उघडत बसू नये. डॉक्युमेंटमधल्या प्रत्येक ऑब्जेक्टची एक्स्प्रेशन-इंजिन ही प्रॉपर्टी लूप लावून छापावी. कुठली प्रॉपर्टी कशाला बांधली आहे त्याची यादी समोर येते. आमच्या फाइलीत तेवढी एकच बांधलेली निघाली.

उपाय दोन. सेट-एक्स्प्रेशनला नन (पायथनमधलं 'काहीच नाही') देऊन बंधन तोडायचं, किंवा किंमत मुळात, म्हणजे सेलमध्येच, बदलायची. मी दुसरा घेतला. बंधन तोडलं की स्प्रेडशीट एक सांगते आणि मॉडेल दुसरंच, आणि पुढचा माणूस स्प्रेडशीटवर विश्वास ठेवतो. सेल भरताना किंमत स्ट्रिंग म्हणून द्यावी लागते, '२० एमएम' अशी. नुसता आकडा दिला तर टाइप एरर येते. शिवाय सेल भरल्यावर रीकंप्यूट केल्याशिवाय एलियासमधून नवी किंमत वाचू नये, जुनीच हातात येते.

जाडीचा प्रश्न सुटला, पण डीएन ८० उघडल्यावर बाहेरच्या कडेचा २ मिमीचा चॅम्फर (कडेचा तिरपा काप) गायब. तो एका बोल्टच्या भोकाला जाऊन बसला होता! फाइल फ्रीकॅड ०.२१ मधली. चॅम्फरच्या बेस प्रॉपर्टीत कडेचा नुसता क्रमांक असतो. पोलर पॅटर्नमधले (भोकं वर्तुळात मांडणाऱ्या फीचरमधले) ऑकरन्सेस, म्हणजे भोकांची संख्या, ४ वरून ८ झाले, नव्या कडा आल्या, क्रमांक सरकले आणि त्या क्रमांकावर आता भोकाची कड होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० मध्ये हा टोपोलॉजिकल नेमिंगचा त्रास बराच कमी झालाय, तरी मी त्यावर विसंबत नाही. चॅम्फर पॅडनंतर लगेच, भोकांच्या आधी घेतला. नुसत्या गोल चकतीला कडा तीनच, दोन वर्तुळं आणि एक शिवण (बाजूच्या गोल पृष्ठभागाची जोडरेषा). व्यास किंवा जाडी बदलली तरी तीनच. क्रमांक सरकायला जागाच नाही.

स्टेप काढण्याआधी स्क्रिप्टमध्ये तपासणी घातली. रीकंप्यूट फसलं तरी स्क्रिप्ट थांबत नाही आणि फीचर जुना आकार धरून बसू शकतं, म्हणून आधी प्रत्येक ऑब्जेक्टच्या स्टेटमध्ये 'इनव्हॅलिड' आहे का ते बघायचं. मग शेपच्या बाउंडबॉक्समधली (आकाराला वेढणाऱ्या चौकोनी पेटीतली) झेड-लेंग्थ, म्हणजे उंची, सीएसव्हीतल्या जाडीशी ०.०१ मिमीच्या फरकात जुळवायची. शेवटी बॉडीला वजनाची एक फ्लोट प्रॉपर्टी जोडली: व्हॉल्यूम घन मिमीत मिळतं, त्याला ०.०००००७८५ ने गुणलं की स्टीलचं वजन किलोत येतं. ही शून्यं मोजून लिहावीत. तिचा एडिटर-मोड १ ठेवलाय, म्हणजे ती फक्त वाचता येते. डीएन १५० ला तिथे साधारण १०.५ दिसायला हवं. ८.६ दिसलं तर जाडी परत अठरावर गेलीय.