दोन्ही बाजू आपल्याच होत्या

मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या ठिकाणी महिला समुपदेशन केंद्रात काम करते. केंद्र पोलीस ठाण्याच्या आवारातच आहे त्यामुळे दारू, मारहाण, हुंडा, पळून जाऊन केलेली लग्नं हे रोजचंच. पळून गेलेल्या पोरांच्या केसमध्ये बहुतेक वेळा एक बाजू गावातल्या मोठ्या जातीची असते आणि दुसरी आपली, म्हणजे दलितांची, आणि मग पुढं काय काय होतं ते वेगळं सांगायला नको. ही केस मात्र तशी नव्हती. म्हणून लिहितेय.

मुलगा बौद्ध, कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. मुलगी मातंग समाजाची, नर्सिंग केलेली, खाजगी दवाखान्यात ड्युटी करणारी. दोघं सज्ञान. जिल्ह्याच्या गावी जाऊन बौद्धाचार्यांकडून लग्न लावलं, नोंदणीचे कागद केले, सगळं रीतसर. मुलीच्या वडिलांनी मिसिंग दिली होती म्हणून दोघं स्वतःहून ठाण्यात हजर झाले. साहेबांनी वयाचे दाखले बघितले, जबाब घेतले, पोलिसांचं काम तिथं संपलं, आणि मग "मॅडम, घरच्यांना जरा समजावा" म्हणून दोन्हीकडची सगळी माणसं माझ्या खोलीत पाठवली.

मला वाटलं मुलीकडचे तापतील. झालं उलटंच. आधी पोराच्या मामानी तोंड उघडलं. मामा म्हणजे वस्तीतल्या जयंती कमिटीचा मोठा माणूस, चौदा एप्रिलला पुढं असणारा, बोलायला एकदम तयार. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली, आडनाव बघितलं आणि खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम तुम्ही आपल्यातल्याच ना, मग तुमच्यापासून काय लपवायचं, मांगाची पोर आमच्या घरात चालणार नाही." मुलीचे आईवडील समोर भिंतीला लागून बसलेले, त्यांना सगळं ऐकू येत होतं. मुलगी तर त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर.

मी म्हणलं, "दादा, जरा मोठ्यानं बोला, मला लिहून घ्यायचंय." तर तो गप्प झाला, पण पोराच्या आईनं धरलं. तिचं म्हणणं, त्यांचं राहणीमान वेगळं, ते अजून देवदेव करतात, पोतराज, जत्रा, अंगात येणं, आम्ही एवढ्या कष्टानं त्यातनं बाहेर पडलो आणि आता परत तेच घरात आणायचं का. ऐकायला वाटेल बाई धम्माचंच बोलतेय. पण ती पोरगी तिथंच म्हणाली, "आई, मी बाविस प्रतिज्ञा वाचल्यात, मी तुमच्या घरात देव आणणार नाही." त्यावर बाईचं उत्तर काय, "वाचून काय होतंय, जात जाती का?"

मला त्या क्षणी खूप राग आला, खरंच सांगते. कामात राग दाखवायचा नसतो म्हणून मी पाणी प्यायले आणि रजिस्टरमध्ये ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. चौदा ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या प्रतिज्ञा दिल्या त्यात नववी आहे की सर्व मनुष्यमात्र समान आहेत असे मी मानतो, आणि लगेच दहावी, मी समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन. त्या बाईच्या घरात प्रतिज्ञांची फ्रेम आहे, मुलानंच सांगितलं.

आता मुलीच्या वडिलांचं. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग एकदम उठले आणि म्हणाले मला यांच्यावर ॲट्रॉसिटी टाकायची, सगळ्यांसमोर जातीवरनं बोलले. हवालदार दारात उभा होता, तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही पण कायद्यानं तो बरोबर होता. १९८९ च्या ॲट्रॉसिटीच्या कायद्यातलं गुन्ह्यांचं कलम सुरूच असं होतं की आरोपी अनुसूचित जाती जमातीचा नसला पाहिजे. इथं तर दोघंही अनुसूचित जातीचे, बौद्ध झालेल्यांनाही १९९० च्या दुरुस्तीनंतर ती सवलत आहेच. म्हणजे हेच वाक्य एखाद्या पाटलानं उच्चारलं असतं तर ॲट्रॉसिटी लागली असती, आपल्या माणसानं उच्चारलं तर नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, तो कुणालाही लागू होतो, ते मी त्यांना समजावून सांगितलं आणि अर्ज कसा करायचा तेही सांगितलं, पण ते खाली बसून घेत म्हणाले, "राहू द्या ताई, लेक त्यांच्यातच राहणारे."

त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत त्यांनीच मला परत हलवून सोडलं. म्हणाले, म्हारांनी सगळ्या नोकऱ्या घेतल्या, आमच्या वाट्याला काही ठेवलं नाही, आता पोरगी पण घेऊन गेले. ह्या तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, शिक्षणात आणि नोकरीत मातंग समाज मागं राहिला हे खरं आहे, १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं उपवर्गीकरणाला, म्हणजे अनुसूचित जातींच्या आरक्षणात आतल्या गटांना वेगळा वाटा द्यायला, परवानगी दिली तेव्हापासून तर गावोगाव हाच विषय आहे. पण त्यातला राग ते त्या पोरावर काढत होते ज्याला स्वतःला अजून पर्मनंट नोकरी नाही. आणि मग बायकोला समजावताना म्हणाले, "एवढं तरी बरं झालं, मेहतराच्या घरात नाही गेली."

खोलीतलं कुणीच काही बोललं नाही. मामासुद्धा मान हलवत होता, म्हणजे ह्या एका गोष्टीवर दोन्ही पार्टी एकमत! श्रेणीबद्ध विषमता असं बाबासाहेब जे म्हणायचे ते मी कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, त्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर बसलेलं होतं. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी लागतंच, आणि तो सापडला की वरच्यानं मारलेली लाथ जरा कमी दुखते बहुतेक.

मुलाचे आजोबा तोपर्यंत काठीवर हनुवटी टेकवून बसलेले. कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्यांना कुणी विचारतच नव्हतं. ते मूळचे नांदेडकडचे. त्यांनी मामाला विचारलं, "टेंभुर्णीचा पोचीराम कांबळे कोण होता रे?" मामा म्हणाला, आपला शहीद, नामांतराचा. "कोण होता म्हणलं?" मामाला कळेना. मग म्हाताराच म्हणाला, "मातंग होता. अठ्ठ्याहत्तर साली जयभीम म्हणणं सोडलं न्हाई म्हून मारला त्याला. तू त्याचा फोटू लावतूस ना ष्टेजवर? मग त्याची नात घरात आली तर तुला कशाचा इटाळ?"

नामांतराची मागणी म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायची, ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, तोवर कितीतरी घरं जळाली, त्यात बौद्धांची होती तशी मातंगांचीही होती. जाळणाऱ्यानं पोटजात विचारून काडी लावली नव्हती. हे मी मामाला बोलले. तो म्हणाला, "ते वेगळं मॅडम, ते चळवळीचं झालं, हे घरचं आहे." मला वाटतं सगळं दुखणं ह्याच वाक्यात आहे. मोर्चात आपण सगळे एक, आणि लग्नाचं काढलं की पत्रिकेवरची जात बघायची. वधूवर मेळाव्यांच्या फॉर्ममध्ये बौद्ध लिहिलेलं असतं पण खाली फोनवर हळूच विचारतात, पूर्वाश्रमीचे कोण? मी स्वतः ऐकलंय हे, माझ्याच नात्यात.

मुलानं मध्ये विचारलं की आंतरजातीय विवाहाचे पन्नास हजार मिळतात ते आम्हाला मिळतील का, खोली घ्यायला डिपॉझिट लागतंय. मी समाजकल्याणला फोन लावला. तिथल्या माणसानं नीट समजावलं, दोघं एकाच प्रवर्गातले आहेत, अनुसूचित जातीतलेच, त्यामुळे योजनेत बसत नाही. म्हणजे घरचे म्हणतात जात वेगळी म्हणून सून नको, आणि सरकार म्हणतं जात एकच म्हणून पैसे नाहीत. मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, मग आम्ही नक्की कोण?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी तिला केंद्राचा नंबर लिहून दिला आणि धमकी आली तर कुठल्याही वेळी फोन कर म्हणून सांगितलं.

संध्याकाळपर्यंत एवढंच झालं की दोन्हीकडून लिहून घेतलं, पोरांना कुणी त्रास देणार नाही म्हणून. आईनं सही केली पण सुनेकडं बघितलं नाही. मुलीच्या आईनं मात्र जाताना लेकीच्या हातात साडीची पिशवी दिली, नवऱ्याची नजर चुकवून. आजोबा दोघांना घेऊन आपल्या घरी गेले, घर त्यांच्या नावावर आहे, सून काय म्हणायची ते म्हणू दे म्हणाले. मुलाची आई मग भावाकडं जाऊन राहिली आणि बरेच दिवस तिथंच होती. सध्या पोरं तालुक्यातच भाड्याच्या खोलीत आहेत, दोघंही कामाला जातात, फॉलोअपला मुलगीच फोन उचलते.

मी त्यानंतर आमच्या भागातल्या जयंती कमिटीला सरळ पत्र दिलं, की एक संध्याकाळ ह्या विषयावर ठेवा, आपल्यातल्या पोटजातींच्या लग्नांवर, मातंग, चर्मकार, मेहतर सगळ्या वस्त्यांतली माणसं स्टेजवर बोलवा आणि अशी लग्नं केलेल्या जोडप्यांना बोलू द्या. त्यांनी निरोप पाठवला की मॅडम तुम्ही महिलांच्या आरोग्यावर बोला, लोकांना आवडतं. मी परत पत्र दिलंय, ह्या वेळी आजोबांची पण सही घेऊन. मीटिंग रविवारी आहे.