सचित्र विज्ञानपुस्तकांचा शोध : आता चित्रकाराच्या नावानं

मंडळी, शोधायची पद्धत या वेळी बदलली आहे. विषय टाकून शोधलं की एकतर मुलांचे विश्वकोश समोर येतात, नाहीतर पाठ्यपुस्तकं. मोठ्यांसाठी लिहिलेली आणि चित्रांना मजकुराइतकाच मान देणारी पुस्तकं या गर्दीत सापडतच नाहीत. म्हणून आता चित्रकाराच्या नावानं शोधतो. गंमत अशी की हे नाव मुखपृष्ठावर असेलच असं नाही. जॉन गूल्डच्या पक्षिग्रंथांसाठी शेकडो चित्रं शिळाछापाच्या दगडावर उतरवली ती त्याची पत्नी एलिझाबेथ हिनं. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलची १८९९ ते १९०४ दरम्यान निघालेली सजीवांची शंभर चित्रपानं सगळ्यांना ठाऊक असतात. ती दगडावर चढवणारा अडॉल्फ गिल्च फारसा कुणाला माहीत नसतो. अशी नावं हाती लागली की शोध एकदम फळाला येतो.

ग्रंथालयात ड्यूई क्रमांक (पुस्तकं विषयवार लावायचे आकडे) वापरत असतील तर ५८० वनस्पती, ५९५.७ कीटक आणि ५९८ पक्षी. पण तेवढ्यावर थांबू नका. मोठ्या आकाराची पुस्तकं त्या रांगेत मावत नाहीत, ती बहुधा वेगळ्या फळीवर असतात. खरा माल तिथेच!

फोटो की चित्र, या वादात मी चित्राच्या बाजूनं. मारिया सिबिला मेरियननं १७०५ साली सुरीनामच्या कीटकांवर जो ग्रंथ काढला, त्यात एकाच पानावर सुरवंट, कोष, फुलपाखरू आणि झाड असं सगळं दिसतं. निसर्गात हे टप्पे एका वेळी समोर येत नाहीत, त्यामुळे एका फोटोत ते मावणार तरी कसे? रॉजर टोरी पीटरसननं १९३४ साली पक्षी ओळखायच्या आपल्या पुस्तकात पक्ष्यांच्या ओळखखुणांकडे बारीक रेघा ओढल्या, तोही असाच प्रकार: नजर नेमकी कुठे ठेवायची ते चित्रच सांगतं. नवं पुस्तक चाळताना मी हेच तपासतो. चित्राखालच्या ओळीत प्राण्याचा खरा आकार आणि काय पाहायचं ते दिलेलं नसेल, तर चित्र कितीही देखणं असो, पुस्तक परत फळीवर.

जुन्या ग्रंथांसाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी हे ऑनलाइन ग्रंथालय विनामूल्य आहे. स्कॅन उघडल्यावर घडीची पानं मात्र आधी बघा. रॉबर्ट हुकच्या सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या गोष्टींवरच्या १६६५ च्या ग्रंथातली पिसू घडी उलगडूनच पाहायची असते, आणि काही स्कॅनमध्ये अशी पानं मिटलेलीच राहतात. स्वस्त पुनर्मुद्रणांत रंगीत पानं करडी होऊन येतात, तेव्हा नमुना पान पाहिल्याशिवाय पैसे घालवू नका.

सध्या शैवालांच्या मागे आहे. ॲना ॲटकिन्सनं १८४३ पासून शैवालं थेट संवेदनशील कागदावर ठेवून, उन्हाच्या मदतीनं निळ्या छापांचं पुस्तक केलं. कॅमेरा नाही की कुंचला नाही. त्याच्या तोडीचं, पण शैवालांच्या रचनेची रेखाचित्रं असलेलं हल्लीचं पुस्तक कुणाच्या पाहण्यात असेल तर चित्रकाराच्या नावासकट कळवा.