मोंबासाची गाडी आणि आपली अढी

केनियातले मोंबासाचे बंदर चीनने कर्जापोटी गिळंकृत केले, असे सांगणारा संदेश नुकताच आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा फिरला आणि मी केनियात दुकान चालवतो म्हणून त्याखाली माझ्याविषयीची काळजीही व्यक्त झाली. बंदर जागच्या जागी असून ते केनियाचे बंदर प्राधिकरणच चालवते. 2018च्या अखेरीस इथल्या महालेखापरीक्षकांच्या कार्यालयातील एका पत्रावरून ही भीती पसरली आणि सरकारने ती लगेच फेटाळली, तरी आपल्याकडे ती बातमी अजून शिळी झालेली नाही. मला राग येतो तो खोटेपणापेक्षा त्यातून मिळणाऱ्या समाधानाचा. चीन सावकार आणि आफ्रिकी देश भाबडे, असे एकदा ठरवून टाकले की आपण इथे कुठे कमी पडलो हा प्रश्न उरतच नाही.

31 मे 2017 रोजी सुरू झालेल्या नैरोबी–मोंबासा रेल्वेवर सुमारे 3.6 अब्ज डॉलर खर्च झाले. त्यातले जवळपास 90 टक्के चीनच्या एक्झिम बँकेने कर्जाऊ दिले आणि काम चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशनने केले. कामानिमित्त मी या गाडीने नेहमी जातो. स्थानकाबाहेर सगळ्यांनी आपापल्या बॅगा जमिनीवर एका ओळीत मांडून मागे सरकायचे, मग पोलिसांचा कुत्रा ती ओळ हुंगत जातो आणि त्यानंतर पुन्हा यंत्रातून तपासणी होते. हा सोपस्कार मला मनापासून कंटाळवाणा वाटतो. पण दुपारी तीनची गाडी तीनला हलते आणि त्सावो राष्ट्रीय उद्यानाच्या तांबड्या मातीतून, हत्तींसाठी खाली वाटा सोडलेल्या उंच भरावावरून, रात्री आठच्या सुमारास समुद्रकाठी पोहोचते. ही गाडी सुरू झाली त्याच वर्षी मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन झाले होते. आपल्याकडे लोकशाही आहे, भूसंपादनाला वेळ लागतो, शिवाय ते तंत्रज्ञानही निराळे, हे उत्तर मी स्वतःही अनेकांना दिले आहे. केनियातही लोकशाही आहे, ही अडचण तेवढी त्यात उरते.

त्सावोतून जाताना ब्रिटिशांनी 1896 ते 1901 या काळात बांधलेला जुना लोहमार्ग अधूनमधून शेजारी दिसतो. तो घालायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर आणले गेले आणि त्यांतले सुमारे अडीच हजार इथेच मेले. चीनचे गोडवे गाणाऱ्या सहप्रवाशाला मी हे आवर्जून सांगतो. तो मान डोलावतो आणि विचारतो, ‘आणि त्यानंतर?’ ते मजूर कोणाचे परराष्ट्र धोरण राबवायला आले नव्हते, त्यामुळे हा अभिमान फार ताणता येत नाही.

चीनचे सगळे गोड मानून घ्यावे, असे मुळीच नाही. रेल्वेच्या कर्जाची कागदपत्रे केनियाच्या जनतेपासून वर्षानुवर्षे दडवली गेली. नोव्हेंबर 2022मध्ये त्यांतला काही भाग नव्या सरकारने जाहीर केला, तेव्हा तंटा झाल्यास लवाद चीनमध्येच बसेल, हे लोकांना कळले. त्याआधी 2020मध्ये अपील न्यायालयाने या कंत्राटाची खरेदीप्रक्रियाच बेकायदा ठरवली होती. युगांडापर्यंत जायचा हा लोहमार्ग 2019मध्ये केनियातच, नैवाशाजवळ येऊन थांबला. मोंबासात उतरलेला माल रेल्वेनेच न्यायची सक्ती झाली तेव्हा ट्रकवाले रस्त्यावर आले. मीही पंपांचे सुटे भाग आयात करतो आणि 2013पासून लागू असलेला रेल्वे विकास कर निमूटपणे भरतो, त्यामुळे या गुप्ततेवर चिडण्याचा मला थोडा अधिकार आहे. पण सही नैरोबीतल्याच सत्ताधाऱ्यांनी केली होती आणि इथले सुशिक्षित लोक चीनइतकेच, किंबहुना जास्त, त्यांना जबाबदार धरतात.

कर्जापेक्षाही मला चीनचा नियमितपणा विचार करायला लावतो. 1991पासून चीनचे परराष्ट्रमंत्री नव्या वर्षाचा पहिला परदेश दौरा आफ्रिकेचाच करतात. जानेवारी 2022मध्ये वांग यी मोंबासालाच आले होते. चीन–आफ्रिका सहकार्य मंच 2000पासून दर तीन वर्षांनी भरतो आणि 2024मध्ये बीजिंगला त्याच व्यासपीठावरून शी जिनपिंग यांनी तीन वर्षांसाठी 360 अब्ज युआनच्या (चिनी चलन) अर्थसाहाय्याची घोषणा केली. आपली तिसरी भारत–आफ्रिका परिषद 2015मध्ये दिल्लीत थाटात झाली आणि चौथी वर्षानुवर्षे लांबणीवर पडत गेली. आफ्रिकी महासंघाला जी-20मध्ये जागा मिळाली ती 2023मध्ये दिल्लीत, आपल्या अध्यक्षतेखाली, हेही खरे आहे. इथल्या औषधांच्या दुकानांतल्या खोक्यांवर भारतीय पत्ते किती असतात, तेही कोणी येऊन पाहावे. मात्र त्या खोक्यांसमोर फीत कापायला मंत्री येत नाहीत.

ऑक्टोबर 2025मध्ये केनियाने रेल्वेची डॉलरमधली कर्जे युआनमध्ये बदलून घेतली, त्यामुळे वर्षाला सुमारे 21.5 कोटी डॉलर वाचतील असे सरकार सांगते. माझे निम्मे सुटे भाग पूर्वी कोल्हापूरहून येत, ते आता चीनमधल्या निंगबोहून येतात, कारण तिथला माणूस दोन दिवसांत भाव कळवतो आणि कमी नगांची मागणीही घेतो. दुकान चालवायचे तर भावनेवर चालत नाही. तोही आता पैसे युआनमध्ये मागू लागला आहे. मी बँकेकडे चौकशी केली आहे.