पफरच्या तोंडाकडे नाही, पोटाकडे बघून खायला घाला

पफर म्हणजे तो स्वतःला फुगवणारा मासा, आणि तो पाळणाऱ्या सगळ्यांना हे माहितीये. टँकसमोरून नुसतं गेलं तरी तो काचेला तोंड लावून वरखाली करायला लागतो, एक डोळा इकडे एक डोळा तिकडे असं करत शेवटी दोन्ही डोळे आपल्यावर येऊन थांबतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की बिचाऱ्याला कालपासून कुणी विचारलंच नाहीये. दहा मिनिटांपूर्वी खाल्लेलं असलं तरी हेच! म्हणून सगळ्यात आधी हे सांगते की पफर मागतोय म्हणजे त्याला भूक लागलीये असं धरून चालू नका. नदीत किंवा खाडीत त्याला दिवसभर शोधत फिरावं लागतं, त्यामुळे दिसलं की खाऊन टाकायचं हे त्याच्या अंगातच आहे, आणि टँकमध्ये खाणं माणसाकडून येतं हे हा मासा फार पटकन शिकतो, हुशार आहे तो.

मग किती द्यायचं? माझं एकच माप आहे, पोट. खायला द्यायच्या आधी त्याला बाजूने आणि वरून नीट बघा, पोट सपाट असेल तर द्या, खाता खाता थोडं गोल झालं की थांबा. टम्म होईपर्यंत घालायचं नाही. आणि पुढचं खाणं पोट परत सपाट झाल्यावरच. यामागचं कारण मला फार इंटरेस्टिंग वाटतं. पफर स्वतःला फुगवतो तो पोटात, म्हणजे जठरातच पाणी भरून, आणि त्या कामासाठी त्याचं जठर इतकं बदललंय की अन्न पचवणारं ॲसिड त्यात तयारच होत नाही, पचनाचं सगळं काम आतड्यावर येतं. म्हणून एकदम भरपूर कोंबण्यापेक्षा बेताचं दिलेलं बरं. सतत जास्त खाल्लं की लिव्हरवर चरबी चढते, आणि ते बाहेरून बराच काळ कळतही नाही.

किती वेळा द्यायचं ते माशाच्या साइजवर आणि वयावर आहे, सगळ्या पफरना एकच टाइमटेबल लावणं चूक आहे. पी पफर म्हणजे तो मटाराएवढा, जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा, त्याला रोज लागतं, दिवसातून एकदा किंवा थोडं थोडं करून दोनदा. एका वेळी चारपाच ब्लडवर्म (बारक्या लाल अळ्या) किंवा दोनतीन बारक्या गोगलगायी पुरतात. कुठल्याही जातीचं पिल्लू असेल तर रोज. फिगर एट किंवा ग्रीन स्पॉटेडसारखे मधल्या साइजचे पफर पूर्ण वाढले की एक दिवसाआड, आणि फहाका, म्बू असे मोठे झाले की आठवड्यातून दोनतीन वेळा बास. म्बू तर साठ सेंटीमीटरच्या वर जातो, तो एका वेळी खातोही तसंच, पण मग पचवायला त्याला दिवसही तितके लागतात. मोठ्यांना मधले उपास चांगलेच असतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता काय द्यायचं, कारण ते चुकलं तर किती आणि कधी याला अर्थ नाही. पफरला चोच असते, वर दोन आणि खाली दोन दात जोडून झालेली, आणि ती आयुष्यभर वाढत राहते. कडक कवचाचं काही फोडायला मिळालं नाही तर ती इतकी वाढते की तोंड धड मिटत नाही, समोर खाणं असून मासा उपाशी राहतो, आणि मग भूल देऊन दात कापावे लागतात, जे माशांच्या डॉक्टरकडूनच करून घ्यावं. त्यापेक्षा गोगलगायी द्या. पफर गोगलगाय खातो तेव्हा एकदा जवळून बघा. आधी तो तिच्यासमोर जागच्या जागी थांबतो, शेपूट एका बाजूला वळवून घेतो, दोन्ही डोळे तिच्यावर रोखतो, ती कवचातून बाहेर यायची वाट बघतो, आणि मग एक झडप, शांत खोलीत तो कट्‌ असा आवाज चक्क ऐकू येतो. साइजचा साधा नियम म्हणजे गोगलगाय त्याच्या डोळ्याएवढी असावी. रॅमशॉर्न आणि ब्लॅडर स्नेल मस्त, एका वेगळ्या डब्यात आपोआप वाढतात. मलेशियन ट्रम्पेट स्नेल मात्र लहान पफरला नको, तिचं कवच फार कडक असतं, दात तुटू शकतो.

मोठ्या पफरला शिंपल्या, खेकड्याचे पाय, कवचासकट कोळंबी चालते, पण रोज फक्त कोळंबी आणि शिंपल्याच असं करू नका, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत थायमिनेज असतं आणि ते व्हिटॅमिन बी1 मोडून टाकतं. आलटून पालटून द्या. जिवंत मासे खायला सोडू नका, त्यांच्यातून रोग आणि परजीवी येतात. फ्लेक्सकडे, म्हणजे माशांच्या त्या सुक्या पापुद्र्यांसारख्या खाण्याकडे, बहुतेक पफर ढुंकूनही बघत नाहीत. फ्रोजन असेल तर आधी वितळवून घ्या.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. मासा भरपूर खातोय आणि तरी पोट आतच गेलेलं आहे, तर खाणं वाढवून उपयोग नाही, बहुतेक आतड्यात जंत असतात. जंगलातून पकडून आणलेल्या पफरमध्ये हे फार दिसतं, आणि विकायला येणाऱ्यांत असे बरेच असतात. त्याला जंतांचं औषध लागतं. आणि रोज झेपावणारा पफर अचानक खायचा थांबला तर आधी पाणी टेस्ट करा, घाणीतून पाण्यात तयार होणारे अमोनिया आणि नायट्राइट माशाला विषारी असतात, ते झीरोच पाहिजेत.

पाण्याचा आणि खाण्याचा संबंध इथे फार जवळचा आहे कारण पफर खाताना अर्धं इकडे तिकडे सांडतो, फोडलेल्या शिंपलीचा लगदा दगडामागे जाऊन कुजतो, आणि त्याच्या अंगावर नेहमीसारखे खवले नसल्यामुळे खराब पाण्याचा त्रास त्याला लवकर होतो. मी लांब चिमट्याने एकेक तुकडा देते, म्हणजे किती खाल्लं तेही कळतं, आणि उरलेलं लगेच काढून टाकते.

बाहेरगावी जायचं असेल तर मोठा धडधाकट पफर आठवडाभर आरामात राहतो, पी पफर दोनतीन दिवस, त्याच्या टँकमध्ये जायच्या आधी थोड्या जास्त गोगलगायी सोडून ठेवा. कुणाला खायला घालायला सांगणार असाल तर प्रत्येक दिवसाचं वेगळं पाकीट करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाकीचं लपवून ठेवा, कारण त्या माणसाकडेही तो त्याच डोळ्यांनी बघणार आहे.