हुंकाराची जागा : कोकणी भूतकथांच्या रेकॉर्डिंगची नोंदवही, महिना चौथा

गोष्टी सतरा झाल्या. मागच्या नोंदीच्या वेळी अकरा होत्या. सतरापैकी ऐकवण्याजोग्या नऊच, बाकीच्या आठ पुन्हा करायच्या आहेत. त्यातल्या पाच माझ्या चुकीने गेल्या आणि तीन मला सुचलेल्या एका 'युक्ती'मुळे. युक्तीचं आधी सांगते.

आरवलीच्या वेतोबाची गोष्ट करायला घेतली होती. वेंगुर्ले तालुक्यातलं आरवली. तिथे नवस फेडायला लोक केळीचे घड वाहतात आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, माणसाच्या पायात कधी येणार नाहीत अशा. समजूत अशी की वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या चपलांचे तळ झिजतात. इतकी सुंदर कल्पना हाताशी असताना मला कुठून बुद्धी झाली, गोष्टीत पावलांचा आवाज घालावासा वाटला. दोन कोल्हापुरी चपला हातात घातल्या आणि फरशीवर रांगत, माईकपाशी येत, 'चटाक... चटाक...' असं सव्वा मिनिट रेकॉर्ड केलं. प्रतिध्वनी घातला. इअरफोनवर ऐकताना माझे मलाच शहारे आले.

शनिवारी सगळ्यांना ऐकवलं. आमच्या नऊ श्रोत्यांत सगळ्यात कडक म्हणजे आत्या. जन्म सिंधुदुर्गातला, वय बहात्तर, आणि भुतांच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पावलं वाजायला लागल्यावर ती एवढंच म्हणाली, "काय गो, पोस्टमन इलो काय?" पुढची दहा मिनिटं हसण्यात गेली आणि वेतोबा तसाच उभा राहिला.

पावलं काढली. त्यांच्या जागी एक वाक्य टाकलं: सकाळी दार उघडलं तेव्हा चपला जागच्या जागी होत्या, टाचेला ओली माती होती. वाक्य सपाट आवाजात, हिशेब वाचून दाखवावा तसं. पुढच्या वेळी त्याच जागी खोली गप्प झाली. मी आवाज घातला की श्रोत्याला चप्पल दिसते, माझी, सहा नंबरची. आवाज घातला नाही की त्याला त्याची स्वतःची दिसते. त्याच झटक्यात वाऱ्याचे, कुत्र्यांचे आणि दार करकरण्याचे सगळे तुकडे उडवले. दुसऱ्या दोन गोष्टी त्यातच गेल्या, कारण त्या तुकड्यांच्या भरवशावर मी वाचनात आळस केला होता.

आता माईकबद्दल थोडं, कारण दोघांनी विचारलं होतं. मराठीत भूतकथा रेकॉर्ड करणाऱ्याचं दुर्दैव असं की मुख्य पात्राच्या नावातच फुटणारं अक्षर आहे. 'भूत' म्हटलं की भ चा श्वास थेट माईकवर आदळतो आणि 'धप्प' होतं. खवीसमधल्या ख चं तेच, फ चं तर विचारूच नका. मी फोम लावला, मोज्याचं कापड ताणून लावलं, शेवटी सर्वांत साधा उपाय चालला: माईक तोंडासमोरून काढून गालाच्या रेषेत, थोडा तिरपा ठेवला आणि वीतभर लांब बसले. श्वास सरळ पुढे निघून जातो, आवाज तेवढा माईकला मिळतो. खोली म्हणजे अजूनही कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसणं हीच. पाठीमागे गोधडी. पंखा बंद, त्यामुळे एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर टिकत नाही.

मधे एकदा आळसापोटी संगणकाच्या आवाजाकडून एक गोष्ट वाचून घेतली. मुंजा पिंपळाच्या झाडावरून उतरतो त्या जागी 'झाड' मधला झ असा काही उच्चारला गेला की मुंजा बिचारा परप्रांतीय वाटला. नाद सोडला.

बाकीच्या पाच गोष्टी माझ्या चुकीने कशा गेल्या ते सांगते, आणि या महिन्याचा खरा शोध तोच आहे.

नऊ गोष्टी लोक पुन्हा लावतात आणि पाच अर्ध्यात सोडतात हे दिसत होतं. पाचही मजकूर म्हणून वाईट नव्हते. उच्चार नीट, गती नीट. पण आत्या म्हणायची, "तू वाचतंस, सांगणंस नाय." वाचतेस, सांगत नाहीस. मला हे पटत होतं पण त्याचं करायचं काय ते कळत नव्हतं. सांगण्याचा आव आणून 'बरं का मंडळी' वगैरे घालून पाहिलं, ते तर अजूनच खोटं वाटलं.

मग मी पाचांपैकी एक गोष्ट, गिऱ्ह्याची, कागद बाजूला ठेवून तोंडी सांगितली. समोर आत्या, शेजारचे काका आणि माझा भाचा. एक माईक माझ्याकडे, दुसरा फोन त्यांच्यामधे ठेवून दिला. गोष्ट साधी. जत्रेहून एकटा परतणारा माणूस, हातात कंदील, साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावर, आल्यावर खालच्या डोहातून त्याला त्याच्या नावाने हाक येते. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत, बुडून मेलेल्याचं, आणि वाटसरूला खोल पाण्यात ओढणं हा त्याचा उद्योग. रात्री एकाच हाकेला ओ देऊ नये हा नियम बहुतेकांनी घरी ऐकलेला असतो. गोष्ट तेवढ्यावरच उभी आहे.

नंतर दोन्ही रेकॉर्डिंग एकाखाली एक लावली आणि दुसऱ्या फोनवरचे हुंकार मोजले. चौदा मिनिटांत एकतीस. 'हं', 'हूं', काकांचा एक 'अच्छा'. मी पेन्सिलने मजकुरावर खुणा केल्या आणि चकित झाले. माझी कल्पना होती की हुंकार भीतीच्या जागी येणार. एकही आला नव्हता. हुंकार आले ते असे: 'साकव तेव्हा लाकडाचाच होता' (हं). 'अमावस्या दोन दिवसांवर' (हं). 'धाकट्या भावाची सोयरीक त्याच गावात' (हूं). म्हणजे जिथे श्रोता मनात म्हणतो की हो, हे मला माहीत आहे, असंच असतं, तिथे. जागा, तिथी, नातं, वाट. तो प्रत्येक वेळी एक पाऊल टाकून माझ्यासोबत त्या साकवावर येत होता. आणि डोहातून हाक आल्यावर चाळीस सेकंद दुसऱ्या फोनवर काहीच नाही. भाच्याने पाय वर घेतल्याचा खुर्चीचा आवाज तेवढा आहे.

त्या चाळीस सेकंदांनंतर आत्याचा अगदी हळू आवाज येतो, "फुडे काय झाला?"

गोष्टीतला माणूस ओ देत नाही म्हणून वाचतो आणि बाहेरचा श्रोता एकतीस वेळा ओ देऊन थांबतो. दोन्ही गप्प बसणी एकाच क्षणी जुळली होती. हे मी ठरवून केलं नव्हतं, गोष्टीत ते आधीपासूनच होतं. वेताळाच्या पंचवीस गोष्टींत हेच उलटं बांधलेलं आहे. तिथे खांद्यावरचं प्रेत गोष्ट सांगतं आणि राजा बोलला की ते परत झाडावर. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. श्रोत्याने तोंड उघडणं किती भारी पडतं, याच्यावर अख्खी मालिका. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, म्हणजे अकराव्या शतकातल्या ग्रंथात, ती आलेली आहे. इतकी वर्षं मी ती कोड्यांची गोष्ट समजत होते.

तर माझी चूक ही: कागद वाचताना मी ओळखीच्या जागांवरून भरभर जात होते, 'इथे काही घडत नाही' म्हणून, आणि भीतीच्या जागी लांबलचक थांबत होते. नेमकं उलट हवं. आता मजकुरावर वाचण्याआधी खुणा करते. जिथे श्रोता 'हं' म्हणेल तिथे छोटी रेघ, साधारण पाऊण सेकंद. आणि हाकेच्या आसपास काही नाही, वाक्याला वाक्य लागून.

त्या पाऊण सेकंदाचं एक तांत्रिक लचांड आहे, तेही सांगून टाकते. सुरुवातीला मी नंतर संपादनात थांबे वाढवत होते, मधे कोरी शांतता टाकून. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन सेकंदांचं काम. पण कोरी शांतता म्हणजे शून्य, आणि कानाला शून्य कळतं. खोलीचा बारीक घरघरता आवाज एकदम तुटतो आणि ऐकणारा फोन बंद पडला का म्हणून बघतो. दोघांनी खरंच बघितला. आता प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला काही न बोलता अर्धा मिनिट खोलीच रेकॉर्ड करते, आणि थांबा वाढवायचा झाला तर त्यातला तुकडा टाकते. नॉइज रिडक्शनही, म्हणजे खोलीची घरघर कमी करणं, आधी १८ डेसिबल लावायचे, आता ६. जास्त लावलं की शब्दांच्या शेपट्या पाण्याखालून आल्यासारख्या वाटतात. गिऱ्ह्याच्या गोष्टीत ते चाललं असतं म्हणा. पातळीसाठी मी बोलक्या पुस्तकांचं नेहमीचं माप धरते: सरासरी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या खाली, खोलीचा आवाज उणे ६० च्या खाली. शेवटचं मला पहाटे साडेचारलाच जमतं.

मजकुराकडे वळते. या महिन्यात सर्वांत जास्त कामाला आल्या त्या जुन्या शाळामास्तरांच्या नोंदी. ए. एम. टी. जॅक्सन हे नाव आपण शाळेत वेगळ्या धड्यात ऐकलेलं असतं: नाशिकचा कलेक्टर, २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या तो. याच माणसाने मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागवून ठेवली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एंथोव्हनने जुळवली आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये छापला गेला. इंग्रजी कोरडं ठणठणीत आहे, आणि माझ्यासाठी तेच सोनं ठरलं. मास्तर भुतांची जंत्री करतात आणि पुढे गावाचं नाव. भुतांचे मुळात दोनच वर्ग, घरचं आणि बाहेरचं. घरचं म्हणजे इच्छा राहून गेलेलं आपलंच माणूस, त्याचा त्रास घरापुरता. बाहेरच्यांत मग समंध, देवचार, मुंजा, खवीस, झोटिंग, लावसट, हडळ ही सगळी मंडळी.

या दोन वर्गांनी माझी गोष्टींची यादीच बदलली. बाहेरच्यांच्या गोष्टी ऐकायला मजा येते, भाचा त्याच मागतो. घरच्याची एकच केली, नवऱ्याआधी गेलेली बाई देवघरातला दिवा सारखा करायला येते ती, आणि ती संपल्यावर कुणी दुसरी लाव म्हणालं नाही. काका उठून गॅलरीत गेले. ती मी नऊत धरली आहे, पण शनिवारी परत लावणार नाही.

परदेशी अभिजात गोष्टींत या खेपेला एकच, माकडाच्या पंजाची. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची, १९०२ ची. पंजा हिंदुस्थानातून आलेला, फकिराने मंतरलेला, त्यामुळे मराठीत आणताना तो घरी परत आल्यासारखा वाटतो. शेवटची दारावरची थाप मी वाजवली नाही. चपलांचा धडा ताजा होता. जेकब्स १९४३ मध्ये गेला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क चालतात, म्हणजे २००४ पासून मोकळा. दर महिन्याला कुणीतरी विचारतं की धारपांची एखादी भयकथा का करत नाहीस. नारायण धारप २००८ मध्ये गेले, हिशेब २०६८ च्या अखेरपर्यंत जातो. घरात मोठ्याने वाचा, खुशाल वाचा, पण रेकॉर्ड करून लोकांत सोडायची परवानगी वारसांकडूनच घ्यावी लागेल. रत्नाकर मतकरींचंही तेच, आणि त्यांनी स्वतःच्या गोष्टी स्वतः सांगितलेल्या ज्यांनी ऐकल्यात त्यांच्यासमोर मी तोंड उघडणारही नाही.

मूळ मजकुराचा अनुवाद करताना एक खोड लागली होती, तीही मोडली: 'अचानक' हा शब्द. वाचताना 'अचानक' म्हटलं की श्रोता सावध होतो आणि पुढचं अचानक राहत नाही. पाच गोष्टींतून मिळून बावीस 'अचानक' काढले.

गिऱ्ह्याची गोष्ट नव्या खुणांनुसार परवा पहाटे पुन्हा रेकॉर्ड केली. ११ मिनिटं ४० सेकंद. आत्याला पाठवली आणि संध्याकाळी तिच्याकडे गेले, तर ती स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ऐकत होती. एकटीच. मी दाराशीच थांबले. साकव लाकडाचा, "हं." अमावस्या दोन दिवसांवर, "हं." फोनला देत होती. सोयरीक कुठल्या गावात त्याला "हूं" पण दिलं. हाक आली तेव्हा पाणी चालू होतं ते तिने बंद केलं.

एक जागा मात्र चुकली आहे. ४ मिनिटं १० सेकंदांवर, कंदिलाची काच तडकलेली होती या वाक्यानंतर, तिचा 'हं' माझ्या पुढच्या शब्दावर पडला. तिथे अजून अर्धा सेकंद हवा. रविवारी करते.