विगान : माती, ऊस आणि १८०७ चं बंड

शनिवार, रात्र

मनिलाच्या क्युबाओहून काल रात्री सुटलेली बस पहाटे विगानला, म्हणजे फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या या जुन्या गावात, पोचली. सोमवारी ८ डिसेंबरची सुट्टी, त्यामुळे बस खचाखच भरलेली होती आणि निम्मी गाडी गावी निघालेल्या इलोकानो, म्हणजे इकडच्याच, लोकांची. आम्ही तिघं. मी, मनिलातच नोकरी करणारा नाशिकचा मित्र आणि ऑफिसातली मैत्रीण, जिचं गाव विगानच्या अगदी शेजारी आहे. सहलीची सूत्रं तिच्याच हातात. बसमध्ये झोप कमीच झाली, पण ला उनियोन प्रांत ओलांडल्यावर डावीकडे समुद्राचा वास यायला लागला आणि मग झोपावंसंही वाटलं नाही.

खोलीवर पिशव्या टाकल्या आणि तडक काये क्रिसोलोगो गाठली. हे मैत्रिणीचं शहाणपण. नऊनंतर या गल्लीत फोटो काढणाऱ्यांची आणि चुंबकं विकणाऱ्यांची इतकी गर्दी होते की घरं दिसतच नाहीत. सकाळी सहाला मात्र दगडी रस्त्यावर एक झाडूवाली बाई, दोन कुत्री आणि घोड्याला पाणी पाजणारा एक कालेसावाला, एवढीच वर्दळ. मोटारींना या रस्त्यावर बंदी आहे. दोन्ही बाजूंना दोन मजली घरं, खाली जाड विटांच्या भिंती, वर लाकडी जमीन आणि घरभर पसरलेल्या सरकत्या खिडक्या. खालचे दरवाजे बग्गी आत जाईल एवढे रुंद. माणसं वर राहायची. खाली गाड्या उभ्या असायच्या आणि माल साठवलेला असायचा : तंबाखू, नीळ, भात, मातीचे रांजण.

खिडक्यांजवळ मी बराच वेळ रेंगाळले. काचेऐवजी कापीसचे शिंपले. लाकडी चौकटीत तळहातापेक्षा लहान चौकोन, प्रत्येकात घासून चौकोनी केलेला एक पातळ शिंपला. बाहेरून पाहिलं तर मळकट पांढरे दिसतात. एका जुन्या घराचं आता खानावळीत रूपांतर झालंय, तिथे आत जाऊन पाहिलं तेव्हा खरा प्रकार कळला. ऊन आत येतं पण झळ येत नाही, आणि जमिनीवर सावली पडते तीही कडा नसलेली. खिडकीच्या खाली आणखी एक बुटकी खिडकी असते, कठड्यासारखे खांब लावलेली. वरची बंद करून ही उघडी ठेवली की पावसातही वारा खेळत राहतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत हाच शिंपला आहे, त्याच जातीचा. मित्राने फोनवर म्हापशाजवळच्या एका घराचा जुना फोटो काढून दाखवला तेव्हा मैत्रीण चकित झाली. तिला वाटत होतं, हे फक्त त्यांचंच. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या हाताखाली होते, म्हणजे काही दशकं गोवा आणि विगान या दोन्ही ठिकाणचे हुकूम एकाच नावाने निघत होते. हे त्या खिडकीशी उभं राहून तिला सांगताना मलाही पहिल्यांदाच नीट जाणवलं.

गावाचा इतिहास थोडक्यात लिहून ठेवते. फिलिपिन्सचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर लेगास्पी, त्याचा नातू हुआन दे साल्सेदो १५७२ मध्ये इथे पोचला आणि त्याने वसवलेल्या वस्तीला स्पेनच्या राजपुत्राच्या नावावरून व्हिया फर्नांदिना म्हणायला लागले. पण तो आला तेव्हा ही जागा ओसाड नव्हती. चिनी व्यापारी आधीपासून येत होते, डोंगरातलं सोनं इथल्या नदीवाटे खाली उतरत होतं. काये क्रिसोलोगोवरची श्रीमंत घरं स्पॅनिश साहेबांची आहेत असं समजून लोक फोटो काढतात. ती बांधली चिनी-इलोकानो व्यापारी घराण्यांनी. हा मोहल्ला त्यांचाच. १९९९ मध्ये युनेस्कोने विगानला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो याच मिसळीसाठी.

मनिलाचा इंत्रामुरोस, म्हणजे तटबंदीतलं जुनं शहर, १९४५ च्या फेब्रुवारीत बेचिराख झाला आणि विगान मात्र उभं राहिलं, ते कसं? इथे सगळे एक गोष्ट सांगतात. माघार घेताना गाव जाळायचं ठरलेलं असताना एका जपानी अधिकाऱ्याने ते जाळलं नाही, कारण त्याचं कुटुंब इथलं होतं आणि आपण गेल्यावर लोक त्यांच्यावर सूड उगवतील अशी त्याला भीती होती. चर्चच्या पाद्र्याकडे त्यांना सोपवून तो गेला. कालेसावाल्या मानोंगनीही हीच गोष्ट सांगितली. (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला मानोंग म्हणतात, आणि दोन वाक्यांनंतर आम्हीही तसंच म्हणायला लागलो.)

दुपारी सिकिया वाडा पाहिला. पुढे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले एल्पिदियो किरिनो यांच्या पत्नीचं हे माहेर. अलिसिया सिकिया आणि त्यांची तीन मुलं १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत जपानी सैनिकांकडून मारली गेली. आणि याच किरिनोंनी १९५३ मध्ये, पदावर असताना, फिलिपिन्सच्या तुरुंगात असलेल्या शंभरहून अधिक जपानी युद्धकैद्यांना माफी दिली. घरातली भारी टेबलं, आरसे, पलंग मी भराभर ओलांडले. पण या माणसाच्या जेवणघरात पाय अडकले. मित्र म्हणाला, मला नसतं जमलं. मलाही नसतं जमलं. ज्याच्या घरातली चार माणसं गेली त्यानेच ती सही केली, म्हणून तिला वजन आहे. दुसऱ्या कुणी त्यांच्या वतीने क्षमा केली असती तर ती मला मान्य झाली नसती.

रविवार, रात्र

आजचा दिवस लिहायला वेळ लागणार आहे.

सकाळी पागबुर्नायानला गेलो, म्हणजे कुंभारवाड्यात. बुर्नाय हे इथले रांजण. तपकिरी-काळपट, जड, तोंड अरुंद आणि पोट मोठं. ही विद्या चिनी कुंभारांनी आणली आणि शतकानुशतकं इथेच मुरली. अंगणात एक रेडा चिखलात गोल गोल फिरत होता. माती तुडवण्याचं काम त्याचं. मातीत बारीक वाळू मिसळतात आणि रेडा ती एकजीव होईपर्यंत तुडवतो.

आत एक वयस्क मानोंग चाकापाशी बसले होते आणि एक तरुण मुलगा उभा राहून पायाने चाक फिरवत होता. रांजण एका दमात वर चढत नाही. मानोंग मातीची मनगटाएवढी जाड वळी खांद्यावर घेत, तिचं टोक रांजणाच्या काठावर दाबत आणि चाक हळू फिरत असताना बाकीची वळी खांद्यावरून उतरवत नेत. मग त्या मुलाकडे फक्त बघायचे, की चाकाला वेग यायचा आणि ओल्या फडक्याखाली ती वळी भिंतीत विरून जायची. दोघं आमच्यासमोर एक शब्दही बोलले नाहीत. मला एक लहान भांडं करून बघायचं होतं, त्यांनी करू दिलं. माझ्या हाताखाली माती थरथरत होती आणि त्यांनी एका अंगठ्याने ती शांत केली.

भट्टी पाहून मित्र थक्क झाला. विटांचा लांबच लांब बोगदा, उतारावर चढत गेलेला, माणूस आत वाकून चालू शकेल एवढा. एका वेळी शेकडो रांजण रचून ती पेटवतात. रांजण इतके कडक भाजतात की पाणी झिरपत नाही, म्हणून त्यात मीठ घातलेली मासळी, व्हिनेगर आणि बासी वर्षानुवर्षं राहते.

बासी म्हणजे उसाच्या रसाची दारू. मैत्रीण कृती सांगत होती आणि मी मनातल्या मनात पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आमच्या गुऱ्हाळात जाऊन पोचले होते. तीच मोठी कढई, तेच रस आटवणं, वर येणारी मळी काढणं. फक्त काकवी होण्याच्या बऱ्याच आधी हे लोक थांबतात. रस निवला की बुर्नायमध्ये ओततात, त्यात तांदळाचं विरजण आणि समाक नावाच्या झाडाचा पाला वगैरे घालतात, तोंड बांधतात आणि मुरू देतात. लग्नात, बारशाला, मयताला, देवाला, सगळीकडे बासी लागते. मेलेल्या माणसासाठीही ओततात.

हे सगळं कानात असतानाच आम्ही जुन्या तुरुंगात गेलो. आता ते राष्ट्रीय संग्रहालय आहे. किरिनो १८९० मध्ये याच इमारतीत जन्मले, कारण त्यांचे वडील तुरुंगाचे कर्मचारी होते. पण मी आले होते चित्रांसाठी. एस्तेबान विलानुएवा या विगानच्याच चित्रकाराने १८२१ मध्ये रंगवलेली बासीच्या बंडाची १४ चित्रं.

प्रकरण असं. स्पॅनिश सरकारने १७८६ मध्ये बासीचा मक्ता आपल्याकडे घेतला. घरी बासी करायची नाही, प्यायची तर सरकारी दुकानातून विकत घ्यायची. ऊस तुमचा, रांजण तुमचा, रीत तुमच्या आजीची, आणि विकत घ्यायची सरकारकडून. लोकांनी वीस वर्षं कळ काढली. १६ सप्टेंबर १८०७ ला उत्तरेकडच्या पिद्दिग गावात भडका उडाला आणि शेतकऱ्यांची फौज एकेक गाव घेत दक्षिणेला विगानच्या रोखाने निघाली. २८ सप्टेंबरला, विगानपासून थोड्याच अंतरावर, बान्ताओआय नदीकाठी सरकारी सैन्याने त्यांना कापून काढलं.

चित्रं फार मोठी नाहीत. चित्रकार कुठल्या शाळेत शिकलेला नाही हे लगेच कळतं. माणसं मुंग्यांएवढी, घरं खेळण्यातली, सैनिक एकाच साच्यातून काढल्यासारखे रांगेत. आकाशात शेपटीचा धूमकेतू आहे. १८०७ मध्ये मोठा धूमकेतू दिसला होता, तो त्याने विसरला नाही. बंड झालं तेव्हा हा माणूस लहान मुलगा होता. मी चित्रं क्रमाने बघत गेले. मोर्चा, गाव, चर्च, नदी, झटापट, धावणारी माणसं. आणि शेवटी फाशी. तिथेही माणसं तेवढीच लहान, तेवढीच नीटनेटकी रंगवलेली.

सत्तेच्या बाजूने काढलेली चित्रं आहेत ही, असं मला वाटतं. बंडखोरांचं काय होतं ते बघा, हा शेवट तसाच आहे. पण आज त्यांच्यासमोर उभं राहिलं की डोळा जातो त्या शेतकऱ्यांकडेच. भाले, काठ्या, उघडी पावलं. मैत्रीण एका चित्रापुढे थांबून हळूच गावांची नावं घेत होती : बादोक, सिनाइत, काबुगाओ, मागसिंगाल. ही तिच्या रोजच्या बसच्या रस्त्यावरची गावं. तिला शाळेत हे बंड एका ओळीत शिकवलं होतं. 'दारूसाठी झालेलं बंड' म्हणून लोक हसतात याचा तिला राग आहे, आणि तिचं बरोबर आहे. स्वतःच्या अंगणात पिकलेल्या, स्वतःच्या हाताने मुरवलेल्या वस्तूवरचा हक्क कुणी काढून घेतला तर माणूस भांडणारच. मिठाच्या सत्याग्रहाच्या देशातून आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या छोट्या गावाने अशी माणसं किती पाहिली! स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या दिएगो सिलांगने १७६२ च्या डिसेंबरात विगान घेऊन स्वतंत्र इलोकोसची, म्हणजे या सगळ्या इलोकानो मुलुखाची, राजधानी केली होती. पुढच्या मे महिन्यात त्याचा खून झाला. त्याची बायको गाब्रिएला डोंगरात जाऊन पुन्हा लढायला परतली, आणि १७६३ च्या सप्टेंबरात तिला विगानमध्येच फाशी दिलं. सिलांगने ज्या इंग्रजांची मदत मागितली होती, त्यांचा मनिला घेणारा जहाजांचा ताफा मद्रासहून निघालेला होता आणि त्यात आपल्याकडचे शिपाई होते. त्यातले काही परत गेलेच नाहीत, मनिलाजवळ काइन्ता गावात राहिले. १८७२ मध्ये स्पॅनिश सरकारने मनिलात गळा आवळून मारलेले फादर होसे बुर्गोस, तेही विगानचेच. संध्याकाळी साल्सेदो चौकात रंगीत कारंजी नाचतात, गाणी लागतात, पोरं भिजतात. मला ते सगळं आवडलं. पण गाब्रिएलासारख्यांना फाशी देणाऱ्या सत्तेच्या सरदाराचं नाव चौकाला आहे, हे मला खटकलं आणि मी ते मैत्रिणीला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, तिची मावशीही दरवेळी हेच म्हणते.

रात्री त्याच मावशीकडे जेवलो. पिनाकबेत (वांगी, कारली, भेंडी, मासळीच्या खारात शिजवलेली), मित्रासाठी मासळीशिवाय वेगळी, आणि भात. त्याआधी चौकात एम्पानादा झालीच होती : केशरी तांदळाची पोळी, आत किसलेली कच्ची पपई, लाँगानिसा (इथलं सॉसेज) आणि अंडं, कढईतून थेट हातात, वर इलोको व्हिनेगर. मग मावशींनी बुर्नायमधून बासी काढली. लालसर तपकिरी. आधी गोड, मग कडवट, शेवटी जीभ किंचित ओढणारी. मला फार आवडली असं नाही म्हणणार, पण दुसरा पेला मी मागून घेतला. पहिले काही थेंब मावशींनी जमिनीवर सांडले होते. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

सोमवार, बसमध्ये

सकाळी शेजारच्या बान्ताय गावचा घंटेचा मनोरा लांबूनच पाहिला. २०२२ च्या जुलैत आब्रा प्रांतात ७ रिश्टरचा भूकंप झाला तेव्हा त्याचे दगड निखळले होते. मग कामांग्गाआनमध्ये हातमाग पाहिले. बिनाकुल नक्षीची एक चादर घेतली. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा भोवरा, टक लावून बघितलं तर डोळे गरगरतात.

मित्राने एक मोठा बुर्नाय घ्यायचा हट्ट धरला आणि तो आता त्याच्या दोन पायांच्या मध्ये, टॉवेलात गुंडाळून बसलाय. त्यात लोणचं घालणार म्हणतो. कैरीचं चांगलं मुरेल, झिरपणार तर नाहीच.

मावशींच्या भावाकडे ऊस आहे. गाळप अजून सुरू व्हायचंय. झालं की कळवते म्हणाल्या, रात्रभर कढईपाशी बसायची तयारी असेल तरच या. मी लगेच हो म्हटलंय. मैत्रिणीने सुट्टीचा अर्ज बसमधूनच टाकलाय, माझा उद्या.